चीनचं बायडू: गूगल गेल्यामुळे मोठं झालं, की गूगल गेल्यामुळे बिघडलं?

पूर्ववारा (धागाकर्ता)

"चीनने गूगलला हाकललं आणि बायडूला रान मोकळं मिळालं" हे बायडू या चिनी सर्च इंजिनबद्दल आपल्याकडे सर्रास बोललं जातं. परवा देशी सर्च इंजिनच्या धाग्यावरही दोघातिघांनी तेच लिहिलं. तिथून गाडी थेट "आपणही गूगल बंद केलं की आपलं स्वतःचं उभं राहील" इथपर्यंत गेली. नोकरीनिमित्त मी काही वर्षं बीजिंगला होतो आणि तेव्हा रोजचं शोधणं बायडूवरच व्हायचं. त्यामुळे यावर सविस्तर लिहायचं मनात होतंच. माझं म्हणणं थोडक्यात असं: बायडू मोठं झालं ते गूगल समोर उभं असताना. ते बिघडलं गूगल गेल्यावर.

संस्थापक रॉबिन ली (चिनी नाव ली यानहोंग). जन्म १९६८ चा, शान्शी प्रांतातल्या यांगछुआन या कोळशाच्या शहरात. पेकिंग विद्यापीठात ते ग्रंथालय आणि माहिती व्यवस्थापन शिकले, मग अमेरिकेत बफलोला जाऊन कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स केलं. १९९६ साली डाऊ जोन्सच्या एका उपकंपनीत असताना त्यांनी रँकडेक्स नावाची पद्धत तयार केली. पानावर एखादा शब्द किती वेळा आलाय हे न मोजता, दुसरी किती पानं त्या पानाचा दुवा देतात हे बघायचं, हे तिचं सूत्र. शोधनिबंधाचं वजन त्याला मिळालेल्या संदर्भांवरून ठरवतात, तोच विचार वेबला लावला. गूगलच्या लॅरी पेजच्या पेजरँक या क्रम लावायच्या पद्धतीच्या पेटंटमध्ये लींच्या या कामाचा उल्लेख आहे. म्हणजे "चिन्यांनी गूगलची नक्कल मारली" हेही तितकंसं खरं नाही. दोघांच्या डोक्यात साधारण एकाच काळात तीच गोष्ट होती.

जानेवारी २००० मध्ये ली आणि शू योंग यांनी बीजिंगच्या झोंगग्वानसुन भागात बायडू सुरू केलं. सुरुवातीला त्यांची स्वतःची वेबसाइट लोकांसाठी नव्हतीच. सिना, सोहू अशा पोर्टलना ते पडद्यामागून शोधयंत्रणा पुरवायचे. पोर्टलवाले पैसे द्यायला का-कू करू लागले, तेव्हा २००१ मध्ये स्वतःचं शोधपान आलं आणि सोबत बोलीवर जागा विकायची पद्धत आली. कुठल्या शब्दाला कोण किती पैसे मोजतो, त्यावर तो निकालात वर. या पद्धतीकडे नंतर यावं लागेलच.

चिनी लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. अक्षरांची सलग ओळ असते, आणि शब्द कुठे तुटतो हे यंत्राला ठरवावं लागतं. तोडणी चुकली की भलतेच निकाल येतात. बायडूने यावर सुरुवातीपासून जीव तोडून काम केलं. डिसेंबर २००३ मध्ये त्यांनी 'तिएबा' काढलं. तुम्ही जो शब्द शोधाल त्याच्या नावाचा एक स्वतंत्र कट्टा. गावाचं नाव टाका, गावाचा कट्टा. आजाराचं नाव टाका, त्या आजाराच्या रुग्णांचा कट्टा. २००५ मध्ये प्रश्नोत्तरांचं 'झीदाओ' आणि २००६ मध्ये 'बायके' हा विश्वकोश आला. तेव्हा चिनी विकिपीडिया तिथे बंद होता, हे बायकेच्या पथ्यावर पडलं हे मान्य. पण तिएबाची कल्पना त्यांचीच होती, आणि ती गूगलकडे नव्हती.

५ ऑगस्ट २००५ ला अमेरिकेत नॅसडॅकवर शेअर आला. २७ डॉलरला दिलेला शेअर पहिल्याच दिवशी १२२.५४ वर बंद झाला. गूगलने स्वतः २००४ मध्ये बायडूत थोडा हिस्सा घेतला होता, तो २००६ मध्ये विकून टाकला आणि त्याच वर्षी स्वतःचं चीनमधलं दुकान थाटलं. पुढची चार वर्षं दोघं समोरासमोर होती आणि बायडू सतत पुढेच राहिलं. मार्च २०१० मध्ये गूगलने सेन्सॉरशिप मानायला नकार देऊन सगळी वाहतूक हाँगकाँगला वळवली, तेव्हा बायडू पहिल्या नंबरावर होतं ते होतंच.

बिघाडाबद्दल मी प्रतिसादांत लिहीन. तुमची मतं येऊ द्या.

शमिका

वाचतेय. तिएबाबद्दल पहिल्यांदाच कळलं.

जुनाजाणता

पूर्ववारा, लेख आवडला, पण "गूगल समोर उभं असताना" हे मला तितकंसं पटत नाही. समोर उभं होतं, पण पाय बांधलेले होते.

सप्टेंबर २००२ मध्ये चीनने गूगल काही काळ पूर्ण बंद केलं होतं. लोकांनी गूगलचा पत्ता टाकला की भलत्याच स्थानिक सर्च इंजिनवर जायचे. बंदी उठली तरी पुढची काही वर्षं गूगलचे सर्व्हर चीनबाहेरच होते. प्रत्येक शोध चीन सरकारच्या त्या सेन्सॉरच्या भिंतीतून जायचा. एखादा संवेदनशील शब्द आला की जोडणी तुटायची आणि काही वेळ गूगल उघडायचंच नाही. माणूस वैतागून दुसरीकडे जाणार, हे उघड आहे. २००६ ला गूगल आत आलं तेव्हा लोकांची सवय लागून गेली होती. शिवाय आत येताना सेन्सॉरशिप मान्य केली म्हणून अमेरिकेच्या संसदेत त्यांना फैलावर घेतलं गेलं. दोन्हीकडून मार.

बायडू हुशार होतं याबद्दल दुमत नाही. पण शर्यत सरळ नव्हती.

पूर्ववारा

जुनाजाणता काका, २००२ चा मुद्दा रास्त आहे, आणि शर्यत सरळ होती असं माझंही म्हणणं नाही. पण भिंतीच्या आत बायडू एकटं नव्हतं. सोहूचं सोगोउ होतं. याहूनेही चीनमध्ये कंपनी विकत घेऊन जोर लावला होता आणि २००५ मध्ये याहू चायना अलीबाबाच्या हातात गेलं. या सगळ्यांना तेच सरकार आणि तीच भिंत होती. त्यांच्यातून बायडूच का वर आलं, याचं उत्तर "गूगलला अडवलं" यात सापडत नाही.

एक मात्र कबूल करायला हवं. त्या काळात बायडूवर येणाऱ्या गर्दीचा मोठा भाग गाण्यांसाठी यायचा. एमपी३ शोधायचं वेगळं पान होतं. गाण्याचं नाव टाकलं की फाइलचा थेट दुवा मिळायचा, आणि त्यातलं बहुतेक सगळं चोरीचं.

शमिका

मग रेकॉर्ड कंपन्या गप्प बसल्या?

पूर्ववारा

नाही, खटल्यांवर खटले झाले. बायडूचा बचाव असा की फाइल आमच्याकडे नाही, आम्ही फक्त दुवा दाखवतो. शेवटी २०११ मध्ये युनिव्हर्सल, वॉर्नर आणि सोनी यांच्याशी करार होऊन रीतसर पैसे द्यायचं ठरलं. त्याच वर्षी मार्चमध्ये लेखकांचं प्रकरण पेटलं. बायडूचं 'वेन्कू' नावाचं दस्तावेजांचं भांडार आहे, लोक त्यावर अख्ख्या कादंबऱ्या चढवत होते. चाळीसहून जास्त लेखकांनी एकत्र येऊन जाहीर पत्र काढलं आणि काही दिवसांतच बायडूला साहित्य विभागातल्या लाखो फाइल काढून टाकाव्या लागल्या.

अक्षरवेल

मी एका छोट्या मराठी प्रकाशनासाठी मुद्रितशोधन करते, म्हणून हे वाचून मनाला लागलं. आपल्याकडे पुस्तक बाजारात आल्यावर महिन्याभरात त्याची पीडीएफ व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर फिरते, आणि पाठवणाऱ्याला वाटतं आपण वाचनसंस्कृती वाढवतोय. हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षानुवर्षं लागतात, त्यात हे. चिनी लेखक एकत्र आले आणि एवढ्या बलाढ्य कंपनीला माघार घ्यायला लावली, हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडे दाद मागायची तर एक कंपनीसुद्धा समोर नसते, ग्रुपचा ॲडमिन असतो.

डॉक्टरीण

पूर्ववारा, तुम्ही बोलीवर जागा विकण्याचा मुद्दा पुढे ढकललात, पण माझ्यासाठी बायडू म्हटलं की तोच. मी चीनमधून एमबीबीएस केलं, आता इथे प्रॅक्टिस करते. वॉर्डात रुग्णांशी चिनीतच बोलावं लागायचं आणि बायडूच्या भाषांतराने मला खूप हात दिला, हे आधी सांगते. आमच्या बॅचच्या प्रत्येकाच्या फोनवर ते होतं.

तर, वेई झशी. शीआनच्या शिदियान विद्यापीठात कॉम्प्युटर शिकणारा मुलगा. २०१४ मध्ये त्याला सायनोव्हियल सार्कोमा निघाला. सांध्यांच्या आसपासच्या मऊ ऊतींमध्ये होणारा, दुर्मीळ आणि फार वाईट कर्करोग. किमो, रेडिएशन, शस्त्रक्रिया सगळं झालं. आईवडिलांनी बायडूवर शोधलं. सगळ्यात वर नाव आलं ते बीजिंगच्या सशस्त्र पोलीस दलाच्या दुसऱ्या रुग्णालयाचं. सरकारी, वर लष्करी शिस्तीचं. कोण शंका घेणार? तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की ही उपचारपद्धती अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या सहकार्याने आलीय आणि यश हमखास आहे. स्टॅनफर्डने नंतर असा काही संबंध नसल्याचं स्पष्ट केलं. तो विभाग रुग्णालयाने बाहेरच्या खासगी मंडळींना चालवायला दिला होता.

उपचाराचं नाव डीसी-सीआयके. रुग्णाचं रक्त घ्यायचं, त्यातल्या रोगप्रतिकारक पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि परत शरीरात सोडायच्या. ऐकायला विज्ञान वाटतं, आणि मुळात ती संशोधनाची प्रामाणिक दिशा होतीच. पण चाचण्यांमध्ये ठोस फायदा सिद्ध झालेला नसताना ती पैसे घेऊन विकली जात होती. वेईच्या घरच्यांनी नातेवाइकांकडून उसने घेऊन दोन लाख युआनहून जास्त खर्च केले. गाठी फुप्फुसात पसरल्या.

तो शेवटपर्यंत लिहीत होता. झीहू या प्रश्नोत्तरांच्या साइटवर कोणीतरी विचारलं होतं की माणसातला सगळ्यात मोठा दुष्टपणा कोणता. त्याला त्याने स्वतःची ही हकीकत लिहून उत्तर दिलं. अमेरिकेत शिकणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याने गूगलवर बघून त्याला कळवलं होतं की ही पद्धत तिकडे कधीच मागे पडलीय. १२ एप्रिल २०१६ ला तो गेला. वय २१.

मे महिन्याच्या सुरुवातीला त्याचं लिखाण देशभर पसरलं. बायडूचा शेअर धाडकन पडला, सरकारची चौकशी समिती बसली. आठवड्याभरात आदेश निघाला: पैसे घेऊन वर आणलेले निकाल एका पानावर ३० टक्क्यांहून जास्त नकोत, त्यावर ठळक खूण हवी, आणि नुसत्या बोलीवर क्रम लावायचा नाही. फसवणूक झालेल्यांसाठी बायडूला १०० कोटी युआनचा निधी ठेवावा लागला. अडीच हजारांहून जास्त वैद्यकीय संस्थांच्या जाहिराती उतरवल्या गेल्या. आरोग्य खात्याने असल्या पेशी-उपचारांची विक्री थांबवली.

मी रोज असे रुग्ण बघते जे आधी फोनवर शोधून मग येतात. घाबरलेला माणूस पहिल्या तीन ओळींच्या खाली जात नाही. तिथे बसण्यासाठी पैसे मोजणारा कोण आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

विदुला

डॉक्टरीणताई, वाचून सुन्न झाले. एक प्रश्न: जाहिरात आहे हे लोकांना ओळखता येत नव्हतं का? गूगलवर आपल्याला 'प्रायोजित' असं दिसतं तसं काही?

पूर्ववारा

विदुला, खूण होती, पण फिकट आणि बारीक, आणि ती 'प्रमोशन' अशा अर्थाची. 'जाहिरात' असं म्हटलेलं नव्हतं. खाली साधा निकाल, वर विकत घेतलेला, दोघांचा तोंडवळा सारखाच. कायद्याने ही जाहिरातच आहे हे ठरलं सप्टेंबर २०१६ मध्ये, वेई प्रकरणानंतर. तोपर्यंत कंपनीचं म्हणणं होतं की ही माहितीसेवा आहे.

आणि हे अचानक उघड झालेलं नव्हतं. नोव्हेंबर २००८ मध्ये सरकारी टीव्हीने परवाना नसलेल्या औषधवाल्यांच्या जाहिरातींवर कार्यक्रम केला होता, तेव्हाही शेअर कोसळला होता. बायडूने माफी मागितली, जाहिराती काढल्या, नवी प्रणाली आणली. पण फुजियान प्रांतातल्या पुतियान शहराकडची मंडळी देशभर खासगी दवाखाने चालवतात. त्वचारोग, वंध्यत्व, गुप्तरोग, कर्करोग, जिथे माणूस लाजतो किंवा घाबरतो असे विषय. त्यांचा जाहिरातीचा पैसा बायडूच्या मिळकतीत इतका मोठा होता की तो सोडवत नव्हता. जानेवारी २०१६ मध्ये तर हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांच्या तिएबा कट्ट्याचं व्यवस्थापनच बाहेरच्यांना विकल्याचं बाहेर आलं. वर्षानुवर्षं फुकट राबणाऱ्या रुग्ण-संचालकांना काढून तिथे धंदेवाईक 'तज्ज्ञ' बसवले होते. बोभाटा झाल्यावर आजारांच्या कट्ट्यांवरचे सगळे व्यापारी करार थांबवतो असं बायडूने जाहीर केलं. त्यानंतर चारच महिन्यांत वेईची गोष्ट.

माझा मुद्दा हाच. २००८ ला गूगल शेजारी होतं, बायडूला निदान धास्ती होती. २०१० नंतर वैतागलेल्या माणसाला जायला दुसरी जागाच उरली नाही.

जुनाजाणता

इथे मात्र थांबा. गूगल धुतल्या तांदळासारखं नाही. ऑगस्ट २०११ मध्ये कॅनडातल्या ऑनलाइन औषधविक्रेत्यांच्या बेकायदा जाहिराती घेतल्याबद्दल गूगलने अमेरिकी सरकारला ५० कोटी डॉलर भरले. तिकडे तर बिंग होतं, याहू होतं, स्पर्धा होती. तरी झालं. मग दोष स्पर्धेच्या अभावाचा, की पैसे घेऊन उत्तरं विकण्याचा?

पटवर्धनवाडा

जुनाजाणता यांच्याशी सहमत. वकिलीच्या अंगाने दोन गोष्टी लिहितो.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. गर्भलिंगनिदानाच्या जाहिराती सर्च इंजिनवर येतात म्हणून डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट तिघेही प्रतिवादी. कायद्याने अशा जाहिरातीला बंदी असताना ते म्हणत होते, आम्ही केवळ माध्यम आहोत. वर एमपी३ च्या खटल्यात बायडूने जे म्हटलं तेच. २०१६-१७ मध्ये न्यायालयाने त्यांना ठराविक शब्दांवरच्या जाहिराती आपोआप अडवायला लावल्या आणि तक्रारींसाठी यंत्रणा उभी करायला लावली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली आपल्या महाराष्ट्राने केला होता, पण १९८८ चा कायदा करताना समोर गर्भजलपरीक्षा करणारे दवाखाने होते, सर्च इंजिन कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या काही लोकशाहीवादी चिनी लेखकांनी बायडूवर दावा लावला की आमचं लोकशाहीवरचं लिखाण अमेरिकेतसुद्धा बायडू दाखवत नाही. मार्च २०१४ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. काय दाखवायचं आणि काय नाही हे ठरवणं म्हणजे संपादकाचं काम, आणि संपादकाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, असं कारण दिलं. चीन सरकारच्या सांगण्यावरून गाळलेल्या निकालांना अमेरिकी घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचं कवच मिळालं! आता या दोन भूमिका शेजारी ठेवा. चोरी सापडली की सर्च इंजिन म्हणतं मी फक्त दुवा दाखवतो. गाळलेलं सापडलं की म्हणतं मी संपादक आहे. यापैकी एक काहीतरी ठरवून कायद्याने त्यांना त्यावर बांधून घेतलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

विदुला

पटवर्धनवाडा, हा मुद्दा वेगळ्या धाग्याचा आहे, पण जरूर काढा. वाट बघते.

मुक्कामपोस्ट

टोरांटोहून. बायडू म्हणजे नुसत्या जाहिराती असं चित्र होतंय म्हणून एक वेगळी बाजू लिहितो. मी मशीन लर्निंगमध्ये आहे आणि आमच्या क्षेत्रात बायडूचं नाव आदराने घेतलं जातं, निदान घेतलं जायचं.

डिसेंबर २०१२. अमेरिकेत लेक टाहोच्या काठी एका कॅसिनो-हॉटेलात न्यूरल नेटवर्कची वार्षिक परिषद. आमच्या टोरांटो विद्यापीठाचे जेफ्री हिंटन आणि त्यांचे दोन विद्यार्थी, अॅलेक्स क्रिझेव्हस्की आणि इल्या सुत्स्केवर, यांनी नुकतीच एक कंपनी नोंदवली होती. कंपनीकडे विकायला माल काहीच नव्हता. होते ते हे तिघं आणि त्यांनी त्या वर्षी चित्र ओळखण्याच्या स्पर्धेत मारलेली बाजी. त्यांना पहिली मोठी ऑफर कोणी दिली? बायडूने, १.२ कोटी डॉलरची. त्यावरून हिंटनना अंदाज आला की आपली किंमत मोठी आहे, आणि त्यांनी सरळ लिलाव ठेवला. बायडू, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि लंडनचं छोटंसं डीपमाइंड. ईमेलवर बोली चढत गेली. ४.४ कोटींवर हिंटननी स्वतःच थांबवलं आणि गूगलची निवड केली. शेवटपर्यंत समोर टिकून होतं ते बायडू. डीप लर्निंग म्हणजे काय हे जगातल्या बहुतेक कंपन्यांना ठाऊक नव्हतं, त्या वर्षीची ही गोष्ट.

मग २०१४ मध्ये त्यांनी अँड्र्यू इंग यांना मुख्य शास्त्रज्ञ म्हणून आणलं आणि सिलिकॉन व्हॅलीत प्रयोगशाळा वाढवली. तिथलं बोलणं ओळखण्याचं 'डीप स्पीच' आम्ही सगळ्यांनी अभ्यासलंय. २०१७ मध्ये तिथूनच एक निबंध आला: डेटा वाढवत गेलं की चुका किती कमी होतील याचा आधीच हिशेब मांडता येतो. आज सगळे ज्या 'स्केलिंग'च्या जोरावर अब्जावधी ओततायत, त्याचा पाया इतक्या आधी त्यांनी कागदावर मांडला होता. २०२३ मध्ये एमआरएनए लसीची रचना सुधारण्याच्या त्यांच्या पद्धतीवर नेचरमध्ये निबंध आला.

डागही आहेत. २०१५ मध्ये इमेजनेट या चित्र ओळखण्याच्या स्पर्धेत ठरलेल्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त वेळा चाचणी करून गुण वाढवल्याचं सापडलं आणि त्यांना वर्षभर बंदी झाली. आमच्या क्षेत्रात ते फार लाजिरवाणं मानलं गेलं.

आणि मला खरी हळहळ वाटते ती पुढची. एवढी आघाडी असूनही चॅटजीपीटी आल्यावर त्यांची दमछाक झाली. १६ मार्च २०२३ ला 'अर्नी बॉट' हा आपला चॅटबॉट दाखवला तो आधीच रेकॉर्ड केलेल्या चित्रफितींवर, आणि भाषण चालू असतानाच हाँगकाँगमध्ये शेअर घसरला. लोकांना तो खुला झाला ऑगस्टच्या शेवटी, सरकारी मंजुरी मिळाल्यावर. रॉबिन ली जाहीरपणे सांगत राहिले की मॉडेल बंदिस्त ठेवण्यातच शहाणपण आहे. जानेवारी २०२५ मध्ये हांगझोउच्या डीपसीक या कंपनीने आपलं मॉडेल फुकट आणि खुलं करून सगळं उलटंपालटं केलं. फेब्रुवारीत बायडूने आपल्या सर्चमध्ये डीपसीक बसवलं, एप्रिलपासून अर्नी फुकट केला आणि ३० जूनला अर्नीची मॉडेल्स खुली केली. ज्यांनी हिंटनसाठी सगळ्यात आधी हात वर केला, ते दुसऱ्याच्या मागे धावत होते.

शमिका

लिलावाचा किस्सा अफाट आहे! धन्यवाद मुक्कामपोस्ट.

अक्षरवेल

पण मागे का पडले? पैसा होता, माणसं होती, डेटा होता.

पूर्ववारा

अक्षरवेल, माझ्या मते याचं उत्तर डेटा या शब्दापाशीच आहे. त्यांच्याकडे होता असं आपल्याला वाटतं तितका तो राहिला नव्हता.

सर्च इंजिन जगतं ते दुसऱ्यांच्या उघड्या पानांवर. सप्टेंबर २००८ मध्ये अलीबाबाच्या ताओबाओने बायडूचे क्रॉलर (पानं वाचत फिरणारे प्रोग्राम) अडवले. म्हणजे चीनमधला सगळ्यात मोठा बाजार बायडूवर शोधता येईना. माल शोधणारे थेट ताओबाओवर जाऊ लागले. २०११ ला वीचॅट हे निरोपांचं ॲप आलं, लेखक-पत्रकार ब्लॉग सोडून वीचॅटच्या खात्यांवर लिहू लागले, आणि ते लेख बायडूला दिसत नाहीत. मग तोउतियाव, दोउयिन, शियाओहोंगशू अशी बातम्यांची, व्हिडिओंची, अनुभवांची ॲप आली. प्रत्येकाचं स्वतःचं कुंपण. उघडं वेब वाळत गेलं आणि बायडूखालचं पाणी आटलं.

यावर बायडूने काय केलं? स्वतःचं कुंपण घातलं. 'बायजियाहाओ' नावाचं लेखांचं व्यासपीठ काढलं आणि निकालांत तेच वर आणायला लागले. जानेवारी २०१९ मध्ये एका चिनी पत्रकाराने सविस्तर लिहिलं की पहिल्या पानावरचे निम्म्याहून जास्त निकाल बायडूच्याच घरातले आहेत, आणि त्यात उथळ लेखांचा भरणा आहे. त्या लेखाने प्रचंड खळबळ उडाली. त्याच वर्षीच्या पहिल्या तिमाहीत, शेअर बाजारात आल्यापासून पहिल्यांदा, बायडूने तोटा दाखवला आणि सर्च विभागाच्या प्रमुखाने राजीनामा दिला.

म्हणजे काका, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: पैसे घेऊन उत्तरं विकणं हा रोग सगळीकडे आहे. गूगलला दंड झाला, वर्तमानपत्रांनी ठोकलं, लोक दुसरीकडे जाऊ शकत होते. चीनमध्ये रोग अंगात मुरला, कारण एका मुलाचा जीव जाईपर्यंत तो थांबवायला कोणालाच भाग पडलं नाही.

अक्षरवेल

हे मराठीलाही तंतोतंत लागू होतं. मी शुद्धलेखनाचे, जुन्या म्हणींचे, पदार्थांचे संदर्भ शोधते तेव्हा गूगलवर सापडतात ते पंधरा वर्षांपूर्वीचे ब्लॉग आणि अशी संकेतस्थळं. गेल्या दहा वर्षांत लोकांनी लिहिलं नाही का? भरपूर लिहिलं. पण फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपवर. ते शोधून सापडत नाही.

चाकणकर

ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून नकाशांबद्दल थोडं. चीनमध्ये नकाशावर खरे अक्षांश-रेखांश छापायला कायद्याने बंदी आहे. सगळ्यांना जीसीजे-०२ ही सरकारी, मुद्दाम सरकवलेली पद्धत वापरावी लागते. बायडू त्यावर आपला बीडी-०९ हा आणखी एक थर चढवतं. जीपीएसचा बिंदू थेट बायडूच्या नकाशावर टाकला तर तो काही शे मीटर बाजूला, शेजारच्या रस्त्यावर किंवा नदीत जाऊन बसतो. रूपांतराचं गणित लावल्याशिवाय आमचं पानही हलत नाही. चालकविरहित गाडीत बायडूला जे बळ आहे त्यात या नकाशांचा वाटा मोठा आहे.

त्यांच्या चालकविरहित टॅक्सीबद्दल कोणी लिहा ना.

पूर्ववारा

चाकणकर, एप्रिल २०१७ मध्ये 'अपोलो' हा बायडूचा चालकविरहित गाड्यांचा प्रकल्प जाहीर झाला. त्याच जुलैमध्ये रॉबिन ली स्वतः अशा गाडीत बसून बीजिंगच्या पाचव्या रिंग रोडवरून परिषदेला निघाले आणि त्याचं थेट प्रक्षेपण केलं. तेव्हा रस्त्यावर अशी गाडी चालवायचा नियमच नव्हता, त्यामुळे वाहतूक पोलिसांनी चौकशी लावली. ऑगस्ट २०२२ मध्ये वुहान आणि चोंगछिंगला गाडीत माणूस न ठेवता प्रवासी नेण्याची परवानगी मिळाली. २०२४ च्या उन्हाळ्यात वुहानला मोठा वाद झाला. भाडं टॅक्सीपेक्षा बरंच कमी, टॅक्सीवाल्यांच्या पोटावर पाय आला आणि त्यांनी प्रशासनाकडे दाद मागितली. नवी आरटी६ गाडी सुमारे दोन लाख युआनमध्ये बनते असं कंपनीने सांगितलंय. आता दुबईशी करार झालाय, हाँगकाँगलाही चाचणीचा परवाना मिळालाय.

मला हे मनापासून कौतुकाचं वाटतं. इथे समोर तगडे स्पर्धक आहेत, आणि स्पर्धक असले की हे लोक काय करू शकतात ते दिसतं.

विदुला

एक व्यवहारी प्रश्न, सगळ्यांना. नवऱ्याच्या कामासाठी आम्ही काही महिने ग्वांगझोउला जाणार आहोत, मुलगी सहा वर्षांची. बायडू वगैरे इथूनच फोनवर घेऊन ठेवू का?

पूर्ववारा

विदुला, इथून नाही मिळणार. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ चिनी ॲप बंद केली, त्यात बायडूचा नकाशा आणि भाषांतर दोन्ही आहेत. तिकडे पोचल्यावर घ्या. सुरुवातीला भारतीय सिमचं रोमिंग चालू ठेवा, रोमिंगवर गूगल आणि व्हॉट्सॲप चालतात, हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत. आयफोन असेल तर ॲपलचे नकाशे तिथे नीट चालतात. घराचा पत्ता चिनी अक्षरांत कागदावर लिहून मुलीच्या दप्तरातही ठेवा.

डॉक्टरीण

विदुला, आणि डॉक्टर हवा असेल तर कुठल्याही ॲपवर शोधू नका. मोठ्या सरकारी रुग्णालयांना तिथे श्रेणी असते, तिसऱ्या श्रेणीतलं 'अ' दर्जाचं रुग्णालय बघा, आणि वर सांगितलेल्या प्रकारामुळे तो विभाग रुग्णालय स्वतः चालवतं ना हेही विचारा. मुलीच्या लसीकरणाचं कार्ड इंग्रजीत करून घ्या, लसींची पूर्ण नावं आणि तारखांसह. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, चिनीत काय लिहून न्यायचं ते पाठवते.